तपकिरी रेघांमधला आपला डोंगर



मागच्या खेपेला आपण गटाच्या हिशेबवहीबद्दल बोललो होतो. आज बोलायचंय ते वेगळ्याच कागदाबद्दल. हा कागद माझ्या हातात कसा आला ते आधी सांगते.

आमच्या कामाच्या भागात, डोंगराच्या मध्यावर, एक ठाकरवाडी आहे. तिथल्या दोन बचत गटांच्या बायांनी मिळून पाण्यासाठी अर्ज लिहिला. मार्च उजाडला की वाडीतली विहीर तळाला जाते आणि खाली ओढ्याकाठच्या विहिरीवर उतरावं लागतं. अर्ज घेऊन आम्ही तिघी एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी मोबाइलवर नकाशा उघडला, वाडीवर बोट ठेवलं, मग विहिरीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सहाशे मीटर तर आहे. शहरातले लोक सकाळी फिरायला याच्या दुप्पट चालतात."

बरोबरच्या काकी तिथे काहीच बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ताई, सायबाच्या मोबाइलमधी डोंगर सपाट हाय."

काकींचं म्हणणं अगदी खरं होतं. साध्या नकाशात अंतर दिसतं, चढ दिसत नाही. पण चढ दाखवणारा नकाशाही असतो. बीएला भूगोलाच्या पेपरात तो मी मार्कांपुरता शिकले होते आणि विसरूनही गेले होते. त्याला स्थलदर्शक नकाशा म्हणतात, कॉलेजात आम्ही टोपोशीट म्हणायचो. भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे सर्वे ऑफ इंडिया, हे नकाशे काढतो. हे खातं १७६७ सालापासूनचं आहे. आपल्याला लागतो तो नकाशा एकास ५०,००० या प्रमाणावरचा असतो. म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर.

सगळा देश त्यांनी चौकटींमध्ये कापलाय आणि प्रत्येक चौकटीला नंबर दिलाय. माथेरान, कर्जत, खोपोली ही आपली गावं जुन्या नंबराप्रमाणे ४७ एफ/५ या पत्रकावर येतात. नेरळ त्याच्या वरच्या ४७ ई/८ वर. म्हणजे नेरळहून माथेरान चढताना वाटेत एक नकाशा संपतो आणि दुसरा लागतो! भीमाशंकर आणखी पूर्वेला, ४७ ई/१२ वर. तुमची वाडी नेमकी कागदाच्या कडेला आली तर दोन पत्रकं चिकटवून बघावी लागतात. आमचं तसंच झालं. बैठकीत गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवली.

आता यातल्या रेघा. पहिल्यांदा बघितलं तर नकाशा म्हणजे सुतळीचा गुंता वाटतो. निळ्या रेघा पाण्याच्या, हिरवा रंग रानाचा, पिवळा शेतीचा, लाल ठिपके घरांचे. ओढ्याची रेघ काळी असेल तर तो ओढा पावसाळ्यानंतर कोरडा पडतो असं समजायचं. एवढं कोणालाही पाच मिनिटांत समजतं. अडतं ते तपकिरी रेघांशी. त्या सगळ्या नकाशाभर वळवळत असतात आणि कुठल्याच गावाला जात नाहीत. त्यांना समोच्च रेषा म्हणतात.

बैठकीत आम्ही काय केलं सांगते, तुम्हीही करून बघा. एक परात घ्या. तिच्यात ओबडधोबड दगड ठेवा, डोंगरासारखा. परातीत एक बोट पाणी ओता. पाणी दगडाला जिथे टेकलंय तिथे खडूने चारी बाजूंनी रेघ मारा. आणखी एक बोट पाणी ओता, पुन्हा रेघ. असं वरपर्यंत. मग पाणी काढून टाका आणि उभं राहून बरोब्बर वरून दगडाकडे बघा. एकात एक कडी दिसतील. तोच नकाशा. एका रेघेवर चालत राहिलात तर ना चढ लागतो ना उतार. एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर गेलात तर तुम्ही एक बोट चढलात. आपल्या नकाशात ते एक बोट म्हणजे २० मीटर. दर पाचवी रेघ जाड असते, तिच्यावर आकडा असतो. एका जाड रेघेपासून दुसऱ्या जाड रेघेपर्यंत १०० मीटर चढ.

दगडाची जी बाजू उभी कापल्यासारखी असते तिथे खडूच्या रेघा एकमेकींना चिकटतात, जिथे दगड पसरट असतो तिथे लांब लांब जातात. कागदावरही तसंच. रेघा दाट तिथे कडा, रेघा विरळ तिथे सपाटी. आणि रेघ जिथे टोक काढून वाकते तिथे आकडे बघायचे. टोक उंच आकड्याकडे गेलेलं असेल तर ती घळ, तिच्यातून पावसाळ्यात पाणी येणार. टोक खालच्या आकड्याकडे असेल तर ती डोंगराची सोंड.

आमच्या वाडीपासून ओढ्याकाठच्या विहिरीपर्यंत आम्ही रेघा मोजल्या. एकीने काडीच्या टोकाने दाखवायच्या, बाकीच्यांनी मोठ्याने मोजायच्या. बारा भरल्या. बारा गुणिले वीस, म्हणजे २४० मीटर. इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरला तर ८० मजले. साहेबांचे सहाशे मीटर खोटे नव्हते, पण त्या सहाशे मीटरमध्ये ८० मजल्यांचा जिना होता. तो डोक्यावर दोन हंडे घेऊन चढायचा, दिवसातून तीन वेळा. आणि सरळ रेषेत कोण चढतं? पायवाट नागमोडी जाते, चाल आणखी वाढते.

इथे एक माहिती सगळ्या गटांनी लिहून ठेवावी अशी आहे. केंद्राच्या जुन्या ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमात वस्तीला पाणी जवळ आहे की नाही हे ठरवायचा निकष होता. सपाट प्रदेशात १.६ किलोमीटरच्या आत, आणि डोंगराळ भागात उंचीतला फरक १०० मीटरच्या आत. म्हणजे डोंगरात अंतरावर नाही, उंचीवर मोजायचं हे सरकारनेच मान्य केलेलं होतं. आता २०१९ पासून जल जीवन मिशनमध्ये घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर असं ठरलंय, त्यामुळे तो निकष मागे पडला. पण अर्ज लिहिताना "विहीर लांब आहे" असं मोघम लिहिण्यापेक्षा "विहीर वस्तीच्या २४० मीटर खाली आहे" असं लिहिलं की वाचणाऱ्याला थांबावं लागतं. नवा अर्ज आम्ही तसाच लिहिला, सोबत नकाशाची झेरॉक्स लावली आणि त्या बारा रेघांवर पेनाने आकडे घातले.

हे झालं एका वाडीचं. पण नकाशा पसरलेलाच होता, तर बायांना आजूबाजूचं सगळंच बघायचं होतं. आपला सगळा मुलूखच जिन्यासारखा आहे, ते त्या कागदावर इतकं स्वच्छ दिसतं की मीही बघत राहिले.

पश्चिमेला माथेरान. नेरळ स्टेशन समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर आणि माथेरान सुमारे ८०० मीटरवर. नकाशावर बघाल तर चारी बाजूंनी तपकिरी रेघांची गर्दी, इतकी की कागद तिथे काळपट दिसतो, आणि आत गेलं की एकदम मोकळं. ते मोकळं म्हणजे पठार. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेला हा डोंगर आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली वर चढला आणि त्याने माथेरान शोधलं असं पुस्तकात असतं. (आपले ठाकर, धनगर त्याच्या आधी वर जात नव्हते काय? पण ते असो.) १९०७ साली छोटी गाडी वर गेली. वीसेक किलोमीटरची ती लाइन वेडीवाकडी का फिरते ते रेघांवरून कळतं. गाडीला एकदम रेघा तोडून जाता येत नाही, ती रेघेला समांतर जात जात हळूच वरची रेघ पकडते. आपल्या डोंगरातल्या जुन्या गुरवाटाही तशाच असतात.

पूर्वेला सह्याद्रीची मोठी भिंत. राजमाची, ढाक, कोथळीगड आणि पुढे भीमाशंकर, ते सुमारे हजार मीटरवर. खांडसहून शिडी घाटाने किंवा गणपती घाटाने वर गेलेल्या बायका आपल्यात पुष्कळ असतील. वर पोचलं की एकदम वेगळा देश लागतो. भीमा तिथे उगवते आणि पूर्वेला निघते, थेट कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. तोच पाऊस कड्याच्या अलीकडे चार पावलांवर पडला तर आपल्या ओढ्यांना येतो, तिथून उल्हास नदीला आणि तिथून वसईच्या खाडीला. कड्याची ती रेघ म्हणजे पाण्याची वाटणी.

ही वाटणी माणसाने एका ठिकाणी मोडली आहे आणि तिचा फायदा आपल्याच तालुक्यांना होतो. पेज नदी भर उन्हाळ्यात का वाहते, हा प्रश्न मी बैठकीत विचारला. कोणी म्हणालं देवाची कृपा, कोणी म्हणालं धरण. खरं कारण भिवपुरीचं टाटांचं वीजघर. वरच्या अंगाला ठोकरवाडीचा तलाव आहे, आंध्रा नदीवरचा. ते पाणी खरं तर भीमेकडे जाणारं. ते बोगद्याने डोंगराच्या या बाजूला आणून, कड्यावरून खाली सोडून, त्याच्यावर वीज करतात. १९२२ सालापासून हे चालू आहे. वीज झाली की पाणी पेजेला सोडतात. खोपोलीचं वीजघर त्याच्याही आधीचं, १९१५ चं, आणि तिथून सुटलेल्या पाण्यावर पाताळगंगा बारा महिने वाहते. पेजेकाठी उन्हाळ्यात दुसरं भातपीक निघतं आणि तिथून डोंगरात दोन तासांवरच्या वाडीत प्यायला पाणी नसतं, ते या जिन्यामुळे. पाणी तळाच्या पायरीला आहे, माणसं मधल्या पायरीवर.

ही मधली पायरी काय आहे? आपला डोंगर लाव्हारसाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. मग पुन्हा आला, पुन्हा पसरला. चपात्यांची चवड असते तसे थरावर थर. काही थर टणक, काही ठिसूळ. टणक थराचा कडा उभा राहतो, ठिसूळ थर झिजतो आणि तिथे सपाटी तयार होते. त्या सपाटीला कुठे माची म्हणतात, कुठे माळ म्हणतात. आणि भीमाशंकरच्या बाजूला, कड्याच्या खाली आणि कोकणाच्या वर जी रानाची पट्टी असते, तिला पदर म्हणतात. पदरगड, पदरवाडी ही नावं त्यातूनच आली. ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याने डोंगर नीट बघितला होता. उभ्या अंगावरून पदर खाली येऊन थोडा पसरावा तशीच ती जागा दिसते.

आता पाण्याचं गणित इथेच आहे. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल मातीसारखा घट्ट पट्टा असतो. घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीत तो तुम्ही बघितला असेल, विटकरी रंगाचा. वरच्या खडकाच्या भेगांतून पाणी मुरत मुरत खाली येतं आणि या घट्ट पट्ट्याशी अडतं. खाली जाता येत नाही, म्हणून आडवं सरकतं आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. म्हणून एका डोंगराचे झरे पुष्कळदा साधारण एकाच उंचीवर असतात.

हे मी फार हुशारीने सांगायला गेले, तर एक आजी म्हणाल्या, "ते आमाला म्हाईत हाय. समदे झिरे डोंगराच्या कमरंला." आम्ही मग टिकल्यांचं पाकीट घेतलं. ज्या झऱ्याला होळीपर्यंत पाणी असतं तिथे हिरवी टिकली, वैशाखातही असतं तिथे लाल. प्रत्येकीने आपापल्या आठवणीतली जागा सांगायची, घळ आणि सोंड मोजून ती नकाशावर शोधायची आणि टिकली लावायची. तासाभराने बघितलं तर लाल टिकल्या जवळजवळ एकाच तपकिरी रेघेवर माळेसारख्या बसल्या होत्या. दोनच बाहेर होत्या. त्यातली एक चुकून लावली होती, पोरीने घळ मोजताना एक सोडली होती.

त्या माळेतला एक झरा वाडीच्या वरच्या अंगाला निघाला, तीन रेघा वर. म्हणजे ६० मीटर. त्याच्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं कारण धार बोटाएवढी आहे आणि वाट काट्यांची. पण वरचं पाणी आपल्या वजनाने खाली येतं, त्याला मोटार लागत नाही आणि विजेचं बिलही नाही. धार बारीक असली तरी रात्रभर टाकीत पडत राहिली तर सकाळी टाकी भरते. फक्त पाइप घेताना लक्षात ठेवायचं की उंचीच्या दर १० मीटरला साधारण एक किलो दाब येतो. ६० मीटरला सहा किलो. दुकानात चार किलोचा पाइप स्वस्त मिळतो, तो घेतला तर फुटणार. सहाचा घेतला तर तो नेमका काठावर. दहाचा घ्यावा, नाहीतर मध्ये एक छोटी टाकी बांधून दाब तोडावा. हे काम जाणत्या माणसाला दाखवूनच करायचं, पण आपल्याला निदान विचारता यावं.

आता थोडं जड बोलणार आहे. खालापुरातली इर्शाळवाडी तुम्ही विसरला नसाल. १९ जुलै २०२३ ची रात्र. चौकच्या बाजूने वर पायवाटेनेच जाता यायचं, म्हणून मदतीला जेसीबीसुद्धा नेता आला नाही, लोकांनी हातांनी, फावड्यांनी माती उपसली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. ही वाडी दरडींचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत नव्हती. त्याच्या आधी २०२१ च्या जुलैमध्ये महाडचं तळिये, आणि २०१४ ला भीमाशंकरच्या पलीकडे आंबेगाव तालुक्यातलं माळीण. माळीणमध्ये दीडशेवर माणसं गेली.

तिन्ही ठिकाणी घरं डोंगराच्या उतारावर होती आणि वरून माती आली. मग नकाशा बघून हे आधी कळलं असतं का? अर्धंच कळलं असतं. तपकिरी रेघा तुम्हाला उतार सांगतात. घरांच्या वर एका सेंटीमीटरमध्ये दहा रेघा असतील तर अडीच पावलांना एक पाऊल चढ आहे. त्यात घळीचं टोक नेमकं वस्तीकडे उतरत असेल तर पाणी आणि माती त्याच वाटेने येणार, हेही दिसतं. पण कातळावर मातीचा थर किती जाड आहे, तो किती भिजलाय, हे टोपोशीटवर दिसत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने याच प्रमाणावर दरडींचे वेगळे नकाशे केलेत, ते ग्रामपंचायतीने मागावेत. आणि काही खुणा फक्त तिथे राहणाऱ्यालाच दिसतात. जमिनीला नवी भेग पडणं, नेहमीच्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा नवीनच जागी पाणी फुटणं, झाडं आणि खांब कलणं, दार चौकटीत अडकायला लागणं. ही खूण दिसली आणि पाऊस थांबत नसेल, तर भांडीकुंडी न बघता वाडी सोडून शाळेत नाहीतर खालच्या गावात जायचं, आणि १०७७ या जिल्हा आपत्ती कक्षाच्या नंबरवर कळवायचं. आपल्याकडे वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे "हे तर दरवर्षीचंच" असं वाटतं. दरवर्षीचं असेल तर खूणही दरवर्षी दिसली असती, एवढंच बघायचं.

त्या दिवशी बैठकीत याच विषयावरून थोडं भांडणही झालं. एक जण म्हणाली, असं असेल तर वाडीच उठवतील, मग दळी कोण कसणार? तिचा प्रश्न खोटा नाही. नाचणी-वरीची दळी जमीन डोंगरावर, आणि घर खाली नेलं तर रोजची चढण पुन्हा बाईच्याच वाट्याला. टोपोशीटवर दळी दाखवलेली नसते, तिथे नुसतं हिरवं रान दिसतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना म्हणून नकाशाची प्रत जोडा, पण तिच्यावर आपल्या दळ्या, देवाची जागा, गुरांची पाणवठ्याची वाट स्वतः दाखवा, आणि ग्रामसभेत वाचून घ्या. वाडी हलवायची की नाही यावर त्या दिवशी काही ठरलं नाही. एवढंच ठरलं की पावसाळ्याचे चार महिने घळीच्या तोंडाशी असलेल्या तीन घरांनी रात्रीचं शाळेत झोपायचं, आणि त्यांची चूल गटाने आळीपाळीने बघायची.

नकाशा कुठे मिळतो असं पुष्कळ जणींनी फोनवर विचारलंय. सर्वे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की ५०,००० च्या प्रमाणावरची पत्रकं फुकट उतरवता येतात. तिथे आता नवे नंबर आहेत, जुना नंबर टाकून सापडलं नाही तर नकाशावर आपला तालुका दाबून शोधा. छापताना मोठ्या कागदावर, रंगीत आणि मूळ मापातच छापा. झेरॉक्सवाल्याने कागदात बसवण्यासाठी लहान केला तर एक सेंटीमीटरचा अर्धा किलोमीटर राहत नाही. आमची पहिली प्रत अशीच वाया गेली, आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत तपकिरी रेघ कुठली आणि ओढा कुठला ते कळेना. सर्वेक्षण जुनं असतं, म्हणून नवी घरं, नवे रस्ते त्यात नसतील. कागदाच्या कोपऱ्यात सर्वेक्षणाचं साल छापलेलं असतं, ते आधी बघा.

आमचा टिकल्यांचा नकाशा सध्या वाडीतल्या अंगणवाडीच्या भिंतीवर आहे. वरच्या झऱ्याची धार आम्ही दर अमावास्येला मोजतोय, एक हंडा भरायला किती मिनिटं लागतात ते वहीत लिहून. माघात सोळा मिनिटं लागली, फाल्गुनात एकवीस. वैशाखाचा आकडा आला की पाइपचा प्रस्ताव ग्रामपंचायतीत देणार आहोत.